गोड्या पाण्यातील जीवसृष्टीचा अभ्यास व आंतरजालावरील साधने

बहुतेक गावांस पाण्याचे एक तरी ठिकाण असतेच. कोठे नदी, कोठे ओढा, कोठे गावतळे, कोठे पाझर तलाव, तर कोठे केवळ पावसाळ्यात भरणारे डबके. खेड्यातील मूल या पाण्याशी समज येण्यापूर्वीपासून परिचित असते. पाय न बुडवता पाण्यावर धावणारा किडा त्याने पाहिलेला असतो. दगडाखालचा खेकडा कोणत्या बाजूने धरावा, हे त्यास ठाऊक असते. मृगाचा पहिला पूर आला म्हणजे चढणीचे मासे कोणत्या वळणावर येतात, हे ते आपल्या आजोबांकडून शिकलेले असते. परंतु हेच मूल शाळेत येते व 'पाण्यात राहणारे प्राणी कोणते?' असा प्रश्न त्यास विचारला जातो, तेव्हा ते देवमासा, शार्क, ऑक्टोपस अशी नावे सांगू लागते. घराजवळच्या ओढ्यातील एकही प्राणी त्याच्या उत्तरात येत नाही. जे आपण पाहिले ती विद्या नव्हे, जे छापलेले अथवा पडद्यावर दाखवलेले तीच विद्या, असा समज त्याच्या मनात नकळत रुजलेला असतो.

हा समज दूर करणे हे परिसर अभ्यासाचे एक मुख्य कार्य होय. यात केवळ एका पाठाचा प्रश्न नाही. ओढे व तळी झपाट्याने पालटत आहेत. वाळूचा उपसा, सांडपाणी, शेतातून वाहून येणारी औषधे, बुजवलेले नाले यांमुळे पाण्यातील जीव एकेक करून नाहीसे होतात. ते नाहीसे झाले हे सांगण्यासाठी ते पूर्वी तेथे होते याची नोंद लागते. आजोबांच्या स्मरणातील माहिती लिहून ठेवली नाही, तर ती त्यांच्याबरोबरच जाते. अशी नोंद करण्याची व नोंदीस आधार शोधण्याची साधने आज आंतरजालावर विनामूल्य उपलब्ध आहेत. ती कोणती, त्यांचा उपयोग कसा करावा व कोठे सावध राहावे, याचा विचार या लेखात केला आहे.

गोडे पाणी किती व त्यातील जीव किती

पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी सुमारे ९७.५ टक्के पाणी खारे आहे. उरलेल्या अडीच टक्के गोड्या पाण्यापैकी दोन तृतीयांशांहून अधिक पाणी बर्फाच्या रूपाने गोठलेले असून बाकीचे बहुतेक जमिनीच्या पोटात आहे. हे प्रमाण मुलांस आकड्यांनी उमगत नाही, ते वस्तूंनी दाखवावे. पृथ्वीवरील सर्व पाणी १००० लिटरच्या टाकीत मावते अशी कल्पना करावी. त्यात गोडे पाणी केवळ २५ लिटर भरेल. त्या २५ लिटरांपैकी सुमारे १७ लिटर बर्फ, साडेसात लिटर भूजल. आणि जगातील सर्व नद्या व गोडी सरोवरे मिळून जे पाणी होईल, ते चहाच्या एका लहान कपात मावेल.

या कपभर पाण्यातील जीवसृष्टी मात्र अतिशय समृद्ध आहे. नद्या, सरोवरे व पाणथळी यांनी पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्क्याहूनही कमी भाग व्यापला आहे. तरीही ज्ञात प्राणिजातींपैकी सुमारे एक दशांश जाती तेथे राहतात. माशांच्या ज्ञात जातींपैकी तर जवळजवळ निम्म्या गोड्या पाण्यातील आहेत. जागा लहान, रहिवासी पुष्कळ, आणि त्याच जागेवर माणसाचीही सारी गरज अवलंबून, अशी ही स्थिती आहे. तिचा परिणामही दिसू लागला आहे. गोड्या पाण्यातील मासे, खेकडे-कोळंबी वर्गातील प्राणी आणि चतुर-टाचण्या अशा २३,४९६ जातींची पाहणी करून २०२५ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यानुसार त्यांपैकी सुमारे २४ टक्के जातींना नष्ट होण्याचा धोका आहे. प्रदूषण, धरणे व पाण्याचा उपसा, शेतीसाठी जमिनीच्या वापरात झालेले बदल आणि बाहेरून आलेल्या जातींचा उपद्रव ही त्याची प्रमुख कारणे सांगितली आहेत. आपल्या सह्याद्रीसह संपूर्ण पश्चिम घाटातील गोड्या पाण्यातील १,१४६ जातींचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १६ टक्के जाती धोक्यात असल्याचे नमूद आहे. हा संपूर्ण अहवाल आंतरजालावर कोणासही वाचता येतो.

आधी ओढा, मग पडदा

साधनांचा परिचय करून देण्यापूर्वी एक तत्त्व सांगणे अवश्य आहे. आंतरजालावरील चित्र हे पाहण्याची जागा घेऊ शकत नाही. ते पाहिलेल्या गोष्टीस नाव व अर्थ देऊ शकते. वर्गात प्रथम पडद्यावर चतुराची चित्रफीत दाखवली व मग मुलांस ओढ्यावर नेले, तर मुले ओढ्यावर पडद्यावरचेच शोधत राहतात. उलट प्रथम ओढ्यावर नेऊन 'हा किडा कोणता?' हा प्रश्न मुलांच्या मनात निर्माण होऊ दिला, तर शाळेत परतल्यावर तीच मुले उत्तरासाठी आतुर होतात. प्रश्न मुलांचा असावा, उत्तर शोधण्याची रीत शिक्षकाची असावी.

ओढ्यावर जाताना पुढील साहित्य पुरेसे आहे: एक पांढरी थाळी, पिठाची जुनी चाळणी, स्वच्छ काचेची बरणी, वही, पेन्सिल व शिक्षकाजवळील मोबाइल. चाळणीत आलेला जीव थाळीत थोड्या पाण्यासह ठेवावा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तो स्पष्ट दिसतो. मुलांनी प्रथम त्याचे चित्र काढावे, पाय मोजावेत, तो पोहतो कसा हे पाहावे, घरी त्यास काय म्हणतात ते लिहावे. त्यानंतरच शिक्षकाने वरून व बाजूने अशी दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत व जीव जेथून घेतला तेथेच सोडावा. चित्र काढताना मुलाचे डोळे जितके पाहतात, तितके मोबाइलचा डोळा पाहत नाही.

नाव शोधण्याची साधने

छायाचित्रावरून प्राणी अथवा वनस्पती ओळखण्यासाठी आयनॅचरलिस्ट हे साधन जगभर वापरले जाते. २००८ साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या पदव्युत्तर प्रकल्पातून त्याचा प्रारंभ झाला. त्यावर छायाचित्र, दिनांक व स्थळ ही माहिती चढवली, म्हणजे संगणक संभाव्य नावे सुचवतो. त्यानंतर जगातील कोणीही जाणकार त्या नावास दुजोरा देतो अथवा दुसरे नाव सुचवतो. नोंदीस छायाचित्र, दिनांक व स्थळ असून नाव सांगणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिकांचे जातीच्या नावावर एकमत झाले, तर ती नोंद संशोधनास योग्य समजली जाते. अशा नोंदी पुढे जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता माहितीकोशात जाऊ शकतात. हा माहितीकोश २००१ साली स्थापन झाला असून त्याचे कार्यालय डेन्मार्कमधील कोपनहेगन येथे आहे. एखाद्या वाडीवरील शाळेने ओढ्यात पाहिलेल्या खेकड्याची नोंद अशा रीतीने जगातील संशोधकांपुढे पोहोचते.

या माहितीकोशाचा नकाशा मुलांस अवश्य दाखवावा. मोठ्या शहरांभोवती व अभयारण्यांभोवती नोंदींचे ठिपके दाट दिसतात. ग्रामीण भागांत विस्तीर्ण जागा कोऱ्या दिसतात. कोरी जागा म्हणजे तेथे जीव नाहीत असे नव्हे. तेथे कोणी पाहून लिहिले नाही, एवढाच तिचा अर्थ. आपले गाव त्या कोऱ्या जागेत असेल, तर पहिला ठिपका देण्याचा मान आपल्या शाळेस मिळू शकतो, ही गोष्ट मुलांस सांगण्यासारखी आहे.

लहान मुलांसाठी याच संस्थेचे सीक नावाचे दुसरे साधन आहे. त्यात नावनोंदणी करावी लागत नाही व मोबाइलचा कॅमेरा जिवासमोर धरला असता ते नाव सुचवते. जेथे आंतरजालाची जोडणी मिळत नाही, अशा ठिकाणीही ते चालते. भारतापुरती माहिती हवी असल्यास २००८ साली सुरू झालेले इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल पाहावे. तेथे भारतीय जातींची वर्णने, नकाशे व लोकांनी केलेल्या निरीक्षणांच्या नोंदी एकत्र मिळतात.

यंत्र केव्हा चुकते

यंत्राने सुचवलेले नाव म्हणजे निकाल नव्हे. संगणक हा हजारो छायाचित्रे पाहून शिकलेला असतो. ज्या जातीची पुरेशी छायाचित्रे त्यास मिळाली नाहीत, ती जात त्यास ठाऊकच नसते. मग तो तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या एखाद्या जातीचे नाव सांगतो. सह्याद्रीच्या एखाद्या ओढ्यातील बोटभर माशास तो दूरदेशीच्या माशाचे नाव देण्याचा संभव आहे. यास्तव शिक्षकाने तीन प्रश्न विचारण्याची सवय मुलांस लावावी. ही जात आपल्या प्रदेशात राहते काय? तिच्या वर्णनातील खुणा आपण काढलेल्या चित्रात आहेत काय? गावातील जाणती माणसे यास काय म्हणतात? तिन्हींची उत्तरे जुळली नाहीत, तर नाव अर्धवट ठेवावे. 'माशाची जात निश्चित नाही' अथवा 'चतुराची अळी' एवढेच लिहिणे हे चुकीचे पूर्ण नाव लिहिण्यापेक्षा अधिक शास्त्रीय होय. अज्ञान प्रामाणिकपणे लिहून ठेवणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

माशांचा कोश व शास्त्रीय नावांतील मराठी

माशांसाठी फिशबेस हा कोश सर्वात उपयुक्त आहे. त्याची माहिती १९९६ पासून आंतरजालावर आहे व त्यात ३५,००० हून अधिक जातींचा समावेश आहे. मासा किती मोठा होतो, काय खातो, कोणत्या देशांत आढळतो, कोणत्या भाषेत त्यास काय म्हणतात, हे सारे त्यात सापडते. मराठी नावे तेथे रोमन लिपीत आहेत, हे शोध घेताना ध्यानात ठेवावे.

या कोशातून एक मनोरंजक पाठ तयार होतो. पुष्कळ मुलांस शास्त्रीय नाव म्हणजे परक्या भाषेतील अवघड शब्द वाटतो. परंतु दख्खनच्या माशांची शास्त्रीय नावे उघडून पाहिली असता त्यांत मराठी शब्द भेटतात. विल्यम हेन्री साईक्स हा मुंबई लष्करातील अधिकारी दख्खनची पाहणी करण्याच्या कामावर होता. येथील नद्यांतील माशांची वर्णने त्याने १८३९ साली प्रसिद्ध केली व पुष्कळ माशांना त्यांची स्थानिक नावेच दिली. पुण्याजवळील मुळा-मुठेच्या पाण्यातील महसीर माशाचे नाव त्याने खुद्री असे ठेवले. आज शास्त्रज्ञ त्यास टॉर खुद्री म्हणतात. हिप्सेलोबार्बस कोलस या नावात कोळस आहे, मिस्टस सींगटी या नावात शिंगटी आहे, गारा मुल्ल्या या नावात मळ्या आहे. पुढे १९५२ साली डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी कृष्णेच्या खोऱ्यातील एका लहान माशाचे वर्णन केले. हा मासा इतर माशांचे खवले कुरतडून खातो. म्हणून त्याचे नाव निओट्रोपियस खवलचोर असे ठेवण्यात आले. खवल्यांची चोरी करणारा तो खवलचोर, हे मुलांस समजावून सांगावे लागत नाही.

साईक्सला ही नावे कोणी सांगितली असतील? नदीकाठच्या कोळी-भोई बांधवांच्या तोंडची ती नावे होत. ज्यांची नावे ग्रंथात छापली गेली नाहीत, त्यांनी दिलेले शब्द जगभरच्या ग्रंथांत स्थिर झाले. एखाद्या भोयाच्या मुलास वर्गात हे कळले, तर आपल्या घरचे ज्ञान शास्त्राच्या पंक्तीस बसले आहे याचा त्यास रास्त अभिमान वाटेल. असे जुने ग्रंथ पाहावयाचे असल्यास बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या विनामूल्य ग्रंथालयात ते मिळतात. फ्रान्सिस डे याचा १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेला 'द फिशेस ऑफ इंडिया' हा ग्रंथ तेथे आहे. त्यातील रेखाचित्रे पाहून माशाचे पर, मिशा व खवले कसे काढावेत हे मुलांस शिकवता येते.

परक्या माशांची ओळखही याच कोशातून करून द्यावी. गावतळ्यात सर्रास आढळणारा चिलापी मासा मूळचा आफ्रिकेतील असून तो १९५२ साली भारतात आणला गेला. डासांच्या नियंत्रणासाठी विहिरींत व टाक्यांत सोडले जाणारे गप्पी मासेही परदेशीच आहेत. परका मासा वाढला म्हणजे देशी माशांचे अन्न व जागा यांत तो वाटा मागतो. गप्पीचे प्रयोजन आरोग्य खात्यास ठाऊक असते. परंतु ते मासे हौसेने ओढ्यात वा नदीत सोडणे योग्य नव्हे, एवढे मुलांस समजले पाहिजे.

पक्षी व चतुर

पाणपक्ष्यांची नावे मराठीत विपुल व बोलकी आहेत. बुडी मारून भलतीकडे वर येणारी टिबुकली, कपाळावर पांढरा टिळा मिरवणारा वारकरी, चोचीवर लाल-पिवळे ठिपके असणारा हळदी-कुंकू, लांब काड्यांवर उभा असल्यासारखा शेकाट्या, पानांवरून चालणारा कमळपक्षी, काठावर दबा धरणारा वंचक, ही सारी मंडळी साध्या गावतळ्यावरही भेटू शकतात. त्यांच्या नोंदीसाठी २००२ साली सुरू झालेले ईबर्ड हे साधन वापरावे. त्यात किती वेळ पाहिले, किती पक्षी दिसले व दिसलेले सर्व पक्षी लिहिले काय, हे विचारले जाते. याचे कारण मुलांस सांगण्यासारखे आहे. अर्धा तास पाहूनही टिबुकली दिसली नाही, हीदेखील एक माहितीच आहे. दर महिन्याच्या ठरावीक दिवशी ठरावीक वेळ पाहिले, तरच दोन महिन्यांची तुलना करता येते.

चतुराचे उदाहरण तर पाणी व आकाश यांचा संबंध जोडून दाखवते. चतुर व टाचणी यांचे बालपण पाण्यात जाते. त्यांच्या अळ्या पाण्यात डासांच्या अळ्या खातात; वाढ पूर्ण झाली म्हणजे त्या काडीवर चढतात, कात टाकतात व पंख पसरून उडून जातात. काठावरच्या गवताला चिकटलेली ही रिकामी कात मुलांस सहज सापडते. पावसाळ्यात व त्यानंतर मैदानावर थव्याने फिरणारा पिवळसर चतुर, ज्याचे शास्त्रीय नाव पँटाला फ्लाव्हेसेन्स असे आहे, तो हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत प्रवास करतो, असा निष्कर्ष अभ्यासकांनी २००९ साली मांडला. शाळेसमोरील पावसाळी डबके हे अशा प्रवाशाचे जन्मस्थान असू शकते. डबके बुजवावे की राखावे याचा विचार करताना हेही ध्यानात यावयास हवे.

लाल सूची व पाणथळ स्थळांची माहिती

एखादी जात धोक्यात आहे किंवा कसे, हे पाहण्यासाठी आययूसीएनची लाल सूची पाहावी. १९६४ साली सुरू झालेली ही सूची आंतरजालावर खुली आहे. तीत जातींचे वर्ग पाडलेले असतात. त्यांपैकी 'माहिती अपुरी' या वर्गाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. माहिती अपुरी म्हणजे जात सुरक्षित, असा त्याचा अर्थ नव्हे. निर्णय करण्याइतके कोणी पाहिले नाही, असा आहे. तसेच प्रत्येक जातीपुढे पाहणीचे वर्ष दिलेले असते. नवी पाहणी झाली म्हणजे वर्ग पालटू शकतो. म्हणून वहीत वर्ग लिहिताना वर्षही लिहावे.

महत्त्वाच्या पाणथळ स्थळांसाठी राम्सर करारान्वये ठेवलेली सूची आहे. हा करार इराणमधील राम्सर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झाला व तो दिवस जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळला जातो. नाशिक जिल्ह्यातील गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळील नांदूर मध्यमेश्वर हे या यादीत आलेले महाराष्ट्रातील पहिले स्थळ होय. बंधाऱ्यामुळे पाणी अडून, गाळ साचून ही पाणथळ निर्माण झाली. माणसाने बांधलेल्या जलाशयाच्या काठीही जीवसृष्टी नांदू शकते, हे त्यावरून दिसते. भंडारा व गोंदिया जिल्ह्यांतील जुन्या मालगुजारी तलावांचे उदाहरणही असेच आहे.

दगडाखालील जीव व पाण्याची प्रत

पाणी स्वच्छ आहे किंवा नाही हे केवळ पाहून समजत नाही. परंतु पाण्यात राहणारे लहान जीव ते सांगतात. काही जीवांना भरपूर प्राणवायू असलेले निर्मळ पाणी लागते, काही घाण पाण्यातही तग धरतात. या तत्त्वावर दक्षिण आफ्रिकेत मिनीसास नावाची सोपी पद्धत तयार झाली असून तिचे तक्ते व चित्रे आंतरजालावर विनामूल्य मिळतात. तीत जीवांचे १३ गट केले असून प्रत्येकास गुण दिले आहेत. निर्मळ पाण्यातच राहणाऱ्या स्टोनफ्लाय नावाच्या कीटकाच्या अळीस १७, वाळूकण चिकटवून घर बांधणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळीस ९, खेकडा-कोळंबीस ६, चतुराच्या अळीस ६, टाचणीच्या अळीस ४, गोगलगायीस ४, जळवेस २ व गांडुळासारख्या कृमीस २ गुण आहेत. सापडलेल्या गटांच्या गुणांची बेरीज करून तीस गटांच्या संख्येने भागावे.

समजा, खेकडा, चतुराची अळी, टाचणीची अळी, गोगलगाय व जळू असे पाच गट सापडले. बेरीज २२ झाली व सरासरी ४.४ आली. वरच्या अंगास खडकाळ प्रवाहात याच पाच गटांबरोबर स्टोनफ्लायची अळीही सापडली, तर बेरीज ३९ व सरासरी ६.५ येईल. सरासरी जितकी अधिक, तितकी प्रवाहाची प्रकृती चांगली. गणिताचा तास व परिसर अभ्यासाचा तास अशा रीतीने एकत्र येतात. मात्र ही पद्धत वाहत्या पाण्यासाठी व दुसऱ्या देशातील नद्यांसाठी बनवलेली आहे. तळ्यास ती लावू नये, तसेच तिच्यावरून पाणी पिण्यास योग्य आहे असा निर्णय कदापि देऊ नये. एकाच ओढ्याच्या दोन ठिकाणांची, अथवा एकाच ठिकाणाच्या दोन वर्षांची तुलना करण्यास ती उपयोगी आहे.

घ्यावयाची दक्षता

पाण्याजवळचा अभ्यास ही जोखमीची गोष्ट आहे, हे कधीही विसरू नये. पालकांची संमती घ्यावी. घोट्याहून अधिक खोल पाण्यात मुलांस उतरू देऊ नये. वरच्या भागात पाऊस झाला असता किंवा धरणातून पाणी सोडले असता प्रवाह अकस्मात वाढतो. अशा दिवसांत ओढ्यावर जाऊ नये. शेवाळलेल्या दगडांवरून व विहिरीच्या काठावरून पाहणी करू नये. परतल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

आंतरजालाच्या बाबतीतही अशीच दक्षता अवश्य आहे. प्राथमिक शाळेतील मुलांच्या नावे खाती उघडू नयेत. शाळेचे एक खाते असावे व ते शिक्षकाने चालवावे. मुलांचे चेहरे, नावे किंवा घराचा ठावठिकाणा छायाचित्राबरोबर जाऊ देऊ नये. कासव, पाणमांजर अथवा पक्ष्याचे घरटे आढळल्यास नेमके स्थळ उघड करू नये. ते झाकून ठेवण्याची सोय आयनॅचरलिस्टवर आहे. स्थळ कळल्यामुळे चोरटी शिकार होण्याचा संभव असतो. कासव शाळेच्या टाकीत आणून पाळणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा ठरतो, हेही मुलांस सांगावे.

ज्या शाळेत एकच मोबाइल आहे व जोडणी दुर्बळ आहे, त्या शाळेनेही निराश होण्याचे कारण नाही. तालुक्याच्या ठिकाणी जोडणी मिळते तेव्हा शिक्षकाने माशांची, चतुरांची व पक्ष्यांची निवडक पाने उतरवून घ्यावीत. किविक्स या साधनाने विकिपीडियातील लेख उतरवून जोडणीवाचून वाचता येतात. दहा-बारा चित्रांची छापील पाने पुठ्ठ्यावर चिकटवली, तर ती ओढ्यावरही नेता येतात.

ओढ्याची नोंदवही

या सर्व साधनांचा लाभ टिकाऊ व्हावा, यासाठी प्रत्येक शाळेने 'आमच्या गावचे पाणी' अशी एक जाड नोंदवही ठेवावी. प्रत्येक महिन्यास दोन पाने पुरेत. दिनांक, वेळ, पाण्याची उंची, रंग, दिसलेले जीव, त्यांचे गावातील नाव, कोशातील नाव व ते कोठून मिळाले, असे रकाने आखावेत. एका रकान्यात गावातील वयस्क स्त्री-पुरुषांनी सांगितलेली आठवण लिहावी: 'पूर्वी या डोहात मोठे मासे होते', 'बंधारा झाल्यावर चढणीचे मासे कमी झाले' इत्यादी. सांगणाऱ्याची संमती घेऊन त्याचे नाव व सांगितल्याचे वर्षही लिहावे. आंतरजालावरील खाते उद्या बंद पडेल, मोबाइल नादुरुस्त होईल, शिक्षकाची बदली होईल. परंतु शाळेच्या कपाटातील नोंदवही पुढील शिक्षकाच्या हाती येईल.

अशी वही पाच वर्षे चालली, म्हणजे तिचे मोल केवळ शैक्षणिक राहत नाही. ग्रामसभेत ओढा खोल करण्याचा, तळ्याचा गाळ काढण्याचा वा नाला बुजवण्याचा विषय निघेल, तेव्हा 'तेथे काही नाही' असे सहज म्हटले जाते. त्या वेळी चौथीतील मुलांनी आपल्या हाताने लिहिलेली पाने पुढे ठेवता येतील. तेथे काय आहे, कोणत्या महिन्यात आहे व त्यास कोणते नाव आहे, हे ती पाने सांगतील.

तात्पर्य, आंतरजाल हे दूरच्या ज्ञानाचे ग्रंथालय आहे व ओढा हे जवळचे ग्रंथालय आहे. एकात नाव सापडते, दुसऱ्यात ज्याचे नाव आहे तो जीव सापडतो. शिक्षकाने या दोहोंच्या मध्ये उभे राहून मुलांस एकाकडून दुसऱ्याकडे नेत राहावे. वर्षाअखेरीस 'पाण्यातील प्राणी कोणते?' हाच प्रश्न पुन्हा विचारावा. मुलांच्या उत्तरात देवमाशाआधी ओढ्यातील खेकडा, मळ्या, टिबुकली व चतुराची अळी येऊ लागली, तर वर्षाचे श्रम सार्थकी लागले असे समजण्यास हरकत नाही.